लिहिलं ते झालं

"आ कर. आणखी मोठा. जन्मभर सगळ्या स्टँडच्या कानाशी तोंड उघडं ठेवलंस, आता माझ्यासाठी दोन मिनिटं ठेव."

असं म्हणून दाजींनी गुलाबी लगद्यानं भरलेला ट्रे मेहुण्याच्या वरच्या हिरडीवर दाबला, अंगठ्यानं तो तसाच धरून ठेवला आणि मोकळ्या हातानं टेबलावरचे कागद पुढं ओढले. मेहुणा खुर्चीत उताणा. डोळे वटारलेले, तोंड भरलेलं, बोलायची सोय नाही. एवढ्या वर्षांच्या नात्यात दाजींना त्याच्यापुढं अखंड बोलायला मिळालेली ही पहिलीच दोन मिनिटं होती, आणि ती वाया घालवायचा त्यांचा अजिबात इरादा नव्हता.

"हे काय लिहिलंयस? 'आतून कडी लागली. खोलीत फक्त ती दोघं उरली.' संपलं सहावं प्रकरण? आणि पुढचं मी निस्तरायचं?"

"ऊं," मेहुणा म्हणाला.

"ऊं काय? तिला अंथरुणाला खिळवलीस. नवऱ्याला उशाशी बसवलास. दाराला कडी घातलीस. बाहेर त्या न्हाव्याला वस्तरा परजत उभा केलास. म्हणजे बाहेरून कुणी आत यायला नको आणि आतून कुणी बाहेर जायला नको. 'ती मेली' एवढे दोन शब्द लिहायची तुझी छाती झाली नाही, म्हणून ते माझ्या हातून लिहून घेतोस होय रे?"

"ऊं हूं!"

"हलू नकोस. माप बिघडलं तर ही कवळी शेजाऱ्याच्या तोंडात बसेल, तुझ्या नाही."

दाजी कवळ्या करायचे. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे, दाजी दात करून पाठवायचे, आणि ओळखीपाळखीचे लोक डॉक्टरला वगळून थेट त्यांच्याच खुर्चीत येऊन बसायचे. घराच्या पुढच्या खोलीत कारखाना होता. भिंतीभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीनं मालकाचं नाव. त्यातले निम्मे मालक आता चावण्याच्या पलीकडे गेलेले. पण दाजी जबडे टाकत नसत. माणूस तोंडावरून ओळखण्यापेक्षा टाळूवरून लवकर ओळखू येतो, असं ते म्हणत. एकदा म्हणे रस्त्यात पडलेल्या अर्धवट खाल्लेल्या सफरचंदावरून त्यांनी चोर पकडून दिला होता. हे त्यांनी स्वतःच सांगितलेलं, तेव्हा निम्मं धरा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. बसस्टँडवर गाड्या पुकारायचा. सगळे त्याला भोंगा म्हणत, तोसुद्धा. त्याचा आवाज असा की त्यानं गाडीचा नंबर पुकारला की फलाटावर झोपलेली कुत्रीही दचकून उठत आणि दिसेल त्या गाडीत चढत. 'दाजी' हे नावही त्यानंच गावभर केलेलं. पूर्वी एकदा त्यानं माईकवरून पुकारा केला होता, "दाजी, तुमची दातांची पिशवी चौकशी खिडकीशी राहिली आहे, त्वरित घेऊन जावी." त्या दिवसापासून पोरांपासून पोलिसांपर्यंत सगळे त्यांना दाजीच म्हणायला लागले. आता वैर आलं, बोलणं बंद झालं, तरी भोंग्याला ते सोडता येईना. शिवीसुद्धा तो 'अहो दाजी' म्हणूनच सुरू करायचा. बहिणीचा नवरा पडला, काय करणार?

निवृत्तीनंतर भोंग्याचा आवाज शाबूत राहिला, पण दात राहिले नाहीत. बोलायला लागला की निम्मे शब्द फुंकर होऊन उडून जायचे. कवळी करणारे इतरही होते. पण दुसऱ्याकडं गेलं तर सहावं प्रकरण दाजींना पोचवणार कसं? पोस्टानं पाठवलं तर दाजी पाकीट न फोडता परत लावतील, ही त्याला खात्री. बिनदातांचं तोंड घेऊन मात्र माणूस दारात आला की त्याला परत लावता येत नाही. ती धंद्याची रीत आहे, आणि दाजी रीत मोडणारे नव्हते.

आता हे दोघे भयकथा लिहायला कसे लागले, तेही ऐकून ठेवा. तरुणपणी एका दुपारी जेवणानंतर भोंगा म्हणाला, "दाजी, मी अशी गोष्ट लिहीन की वाचणाऱ्याचे दात वाजतील." दाजी म्हणाले, "लिही, वाजून पडले की माझ्याकडं पाठव." दाजींची बायको ताटं उचलत होती. ती वीजबिलाच्या खिडकीवर कामाला होती आणि घरातही तसाच कारभार चालवायची. ती म्हणाली, "भांडू नका. एक प्रकरण यांचं, एक तुझं. आणि एकानं लिहिलं ते झालं. दुसऱ्यानं ते पुसायचं नाही. 'ते स्वप्न होतं' म्हणून सुटायचं नाही."

झालं. विषम प्रकरणं दाजींची, सम भोंग्याची. प्रत्येकानं आपलं प्रकरण अशा ठिकाणी सोडायचं की दुसरा आठवडाभर डोकं धरून बसला पाहिजे. एका छोट्या गावात मेलेली माणसं परत येतात, अशी एकूण हकिगत. गावाला नाव काय द्यायचं यावर दोघांचं एकमत होईना, म्हणून नाव राहूनच गेलं. परीक्षण लिहिणाऱ्यांनी त्यात फार मोठा अर्थ शोधला. गावातला न्हावी दाजींनी पाचव्या प्रकरणात मारला. भोंग्यानं पाचवं नीट वाचलंच नव्हतं. त्यानं आठव्यात तोच न्हावी पुन्हा मारला. आता लिहिलं ते झालं! मग न्हावी दोनदा मेला आणि मधल्या दोन प्रकरणांत लोकांच्या दाढ्या कोण करत होता, या विचारानं वाचकांची झोप उडाली. पुस्तक चाललं ते त्या चुकीवर.

आणि चाललं ते खिडकीवालीवर. ही दाजींची बायको जशीच्या तशी उचललेली. मेलेली माणसं गावात परत येतात ती आधी थकलेलं वीजबिल भरायला येतात आणि खिडकीवाली त्यांना म्हणते, "रांगेत या. मेलात म्हणून काय झालं? आणि सुटे आणा." सगळं गाव पळून गेलं तरी ही बाई जागची हलत नाही. शेवटी भुतंच कंटाळून जातात. पुस्तकात तिला एक बुटका, टकला, घड्याळं दुरुस्त करणारा नवरा होता. भाऊ नव्हता. भोंगा म्हणाला होता, "मी लेखक आहे. मला पात्र करायचं नाही." तिला मारायचा विचार दोघांच्याही मनात एकेकदा येऊन गेला होता, पण तिनं आधीच बजावलं होतं, "माझ्या केसाला धक्का लागला तर दोघांनीही जेवायला बाहेर जायचं."

वैर झालं मुखपृष्ठावरून. चित्रकारानं दाजींचं नाव वर, चंद्राशेजारी घातलं. भोंग्याचं खाली, थडग्यातून वर आलेल्या हाताजवळ, इतकं जवळ की लोकांना ते नखांचे ओरखडे वाटले. भोंगा म्हणाला, दाजींनी चित्रकाराच्या आईला फुकट कवळी करून दिली, म्हणून हे. दाजी म्हणाले, आईची कवळी आधीची आहे. ते दोघंही खरं बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटेना. भोंग्यानं येणं सोडलं, बोलणं सोडलं आणि पुढं मोबाइल आले तेव्हा दाजींचा नंबर ब्लॉक करण्यासाठी म्हणून पहिल्यांदा ते बटण शिकून घेतलं.

तीन वर्षांपूर्वी दाजींची बायको गेली. भोंग्याला कळलं ते दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. तो आला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. दारात उभा राहिला, दाजींकडं बघितलं आणि चपला न काढताच परत गेला.

मधल्या काळात कुठल्याशा तरुण मंडळींनी ती जुनी कादंबरी मोबाइलवर मोठ्यानं वाचून ऐकवायला सुरुवात केली. झोप न येणाऱ्या लोकांत ती अशी पसरली की प्रकाशकसुद्धा जागा झाला. त्याला दुसरा भाग हवा होता आणि तो दोघांनीच लिहिलेला हवा होता. प्रकाशक लबाड. त्यानं दाजींना सांगितलं, "तुमचे मेहुणे एकटेच लिहायला बसलेत." भोंग्याला सांगितलं, "दाजींचं पहिलं प्रकरण झालंसुद्धा." दोघांनीही त्याच दुपारी कागद काढले.

पहिली पाच प्रकरणं प्रकाशकाच्या माणसाच्या हातून इकडची तिकडं गेली, आणि ती प्रकरणं कसली, दगडफेकच होती. पहिल्यात दाजींनी एका ओरडून बोलणाऱ्या माणसाला विहिरीत टाकलं. दुसऱ्यात भोंग्यानं गावातल्या सगळ्यांचे दात एका झटक्यात पाडले. तिसऱ्यात दाजींनी विहिरीवर झाकण घातलं. चौथ्यात भोंग्यानं ते पडलेले दात रांगत रांगत घड्याळजीच्या अंथरुणात नेऊन सोडले. पाचव्यात दाजींनी झाकणावर दगड ठेवला. आणि सहावं हे असं, कडी लावलेलं, तो माणूस दगडफेकीला कंटाळून यायचा थांबल्यावर जातीनं घेऊन भोंगा स्वतः आला होता.

ट्रे 'पच्च' आवाज करून सुटला. भोंग्यानं ओठ पुसले, बसता झाला आणि पहिलं वाक्य फुंकलं.

"अहो दाजी, तुमच्या अंगठ्याला पावाला लावायच्या जॅमचा वास येतोय."

"विषय बदलू नकोस. तिला मारायची नाही हे ठरलेलं होतं."

"कुठं मारली? दार लावलंय फक्त."

"मग उघड."

"मी कसं उघडणार? आता सातवं. तुमची पाळी." भोंगा खुर्चीच्या हातावर बोटं वाजवत राहिला. मग दाजींकडं न बघता, फळीवरच्या जबड्यांकडं बघत म्हणाला, "तीन वर्षं झाली. त्या दिवसाचा एक शब्द तुम्ही मला सांगितला नाहीत."

"विचारलास कधी?"

"तुमच्याशी बोलतंय कोण!"

"मग सांगू कुणाच्या तोंडानं? फोन केला तर तुझं ते यंत्र म्हणतं, हा ग्राहक उपलब्ध नाही."

"शेजारच्याच्या फोनवरून करायचा!"

"शेजारच्याला सांगू, की बाबा रे, माझ्या मेहुण्यानं मला फोनमध्ये गाडलाय, तुझा दे जरा?"

"मला कळवलं नाहीत तुम्ही."

"तू कळायची सोय ठेवली नाहीस."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. भोंगा उठला, शर्टावरचे गुलाबी शिंतोडे नखानं खरवडत दारापर्यंत गेला आणि तिथून, पाठमोराच म्हणाला,

"म्हणून कडी घातली. आत तुम्ही होतात, मी नव्हतो. आता लिहा, आत काय झालं ते. शेवटी माणूस कुणाची तरी आठवण काढतोच ना. तिनं कुणाला तरी विचारलं असेलच."

"लगदा वाळतोय," दाजी म्हणाले. "मेणाची कवळी झाली की निरोप पाठवतो. जा."

तो गेल्यावर दाजींनी मापात प्लास्टर ओतलं. हात सवयीनं चालत होते, पण डोकं भलतीकडंच होतं.

काय झालं होतं आत? सांगण्यासारखं काही झालंच नव्हतं, हीच पंचाईत होती. दुपारची वेळ. दोन दिवस ती कधी भानावर असायची, कधी नसायची. दाजी उशाशी बसले होते, चमच्यानं पाणी देत होते. तिनं डोळे उघडले, त्यांच्याकडं रोखून बघितलं. चाळिशी नाकावर आली की ती खिडकीतून बघायची तसं. म्हणाली, "सुटे आहेत?" ते म्हणाले, "नाहीत गं." ती म्हणाली, "मग आज नाही व्हायचं. खिडकी बंद झाली. उद्या या." आणि कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. तेवढंच. पुन्हा इकडं वळलीच नाही.

एवढ्या वर्षांच्या संसारात जेवताना, भांडताना, भाजी निवडताना एकमेकांशी किती बोलणं झालं असेल. आणि शेवटी तिनं त्यांना रांगेतला एक माणूस म्हणून परत पाठवलं होतं. हे दाजींनी कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकणारा हसला असता. हसण्यासारखंच होतं ते. दुसऱ्या कुणाच्या बायकोचं असतं तर दाजीच पहिले हसले असते. पण वाईट असो, वेडंवाकडं असो, ते त्यांचं होतं. ते छापून, शिलाई मारून, बसच्या प्रवासात वेळ घालवायला निघालेल्या लोकांच्या हातात द्यायचं? आणि भोंग्याच्या? भोंगा हसला असता तर दाजींनी त्याला एकदाचा खलास केला असता. तो हसला नसता तर काय करायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

आणि भोंग्याला हवं होतं ते त्यात नव्हतंच. तिनं भावाचं नाव काढलं नव्हतं. त्या दिवशी नाही, आदल्या दिवशी नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मेणात दात बसवायचं काम बाजूला ठेवून, दाजींनी सातवं प्रकरण लिहिलं. झरझर लिहिलं, आणि लिहिताना त्यांना अशी मजा आली की बस्स. खिडकीवाली डोळे उघडते आणि नवऱ्याला म्हणते, "एक करा. माझ्या भावाला कळवू नका. तो आला तर मला शांतपणे मरताही यायचं नाही." इथं दाजींनी कागदाला टाळी दिली. एका वाक्यात भाऊ निर्माण केला आणि त्याच वाक्यात त्याला दाराबाहेर उभा केला! भोंगा हे वाचणार, आणि वाचून करणार काय? पुसता येत नाही. स्वप्न म्हणता येत नाही. लिहिलं ते झालं. आता तो मरेपर्यंत ते झालेलंच राहणार.

खुशीत येऊन त्यांनी ते मोठ्यानं वाचायला घेतलं. नवऱ्याची वाक्यं नवऱ्याच्या आवाजात, तिची तिच्या. बायकोची नक्कल ते फार हुबेहूब करायचे. तिच्या हयातीत त्यावरून दोनदा उपाशी राहिले होते. "माझ्या भावाला..." इथपर्यंत आवाज बरोबर लागला. "कळवू नका" म्हणताना तो सुटला. त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. घसा खाकरून, पाणी पिऊन तिसऱ्यांदा बघितलं. बसेना. खोट्या दाताखाली खडा यावा तसं काहीतरी कचकन लागायचं.

मग त्यांच्या लक्षात आलं. ती लोकांना झापायची, ताटकळत ठेवायची, सुट्यांसाठी चौकापर्यंत पळवायची. पण 'येऊ नका' असं तिनं जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. 'उद्या या' म्हणायची. भुतांनासुद्धा.

दाजींनी ते कागद फाडले. फाडताना भोंग्याला दोन कचकचीत शिव्या घातल्या, कारण एवढं चांगलं प्रकरण त्याच्यापायी वाया जात होतं. नवा कागद घेतला आणि त्याच जागी, दातावर दात दाबून, दुसरं लिहिलं.

मेणाची कवळी तोंडात घालून बघायच्या दिवशी भोंगा आला तो नवा शर्ट घालून. दाजींनी त्याच्या तोंडात मेणाचे दात बसवले, म्हणाले, "चावू नकोस, मेण आहे. नुसते ओठ मिटून बस." आणि सातवं प्रकरण त्याच्या मांडीवर टाकून खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पाठीमागं कागद उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नाही आला.

"दाजी." मेणाच्या दातांतून आवाज चोरट्यासारखा निघत होता. "'माझ्या भावाला बोलवा. त्याचा आवाज कानावर आला की मला बरं वाटतं.' असं म्हणाली ती?"

"वाचता येतं ना तुला?"

"पुस्तकातली नाही. ताई. ताई असं म्हणाली?"

"प्रकरण तुझ्या हातात आहे. लिहिलं ते झालं. तिचाच नियम."

"तिला माझ्या आवाजाचा त्रास व्हायचा. मी आलो की म्हणायची, हळू बोल, भिंतीचा रंग उडतोय."

"मग आजारपणात माणूस बदलतो."

"आणि 'माझ्या भावाला'?" भोंग्यानं कागदावर बोट आपटलं. "उभ्या जन्मात तिनं मला भाऊ म्हटलं नाही. गाढव म्हणायची. माझ्या लग्नातसुद्धा म्हणाली, त्या गाढवाला फेटा नीट बांधा."

"मग काय, गाढव छापू? लोक म्हणतील मरताना बाईला गाढव आठवलं."

"म्हणू देत. बदला ते."

"मी एकदा दिलेलं प्रकरण बदलत नसतो."

"अहो दाजी, चूक आहे ती! माहितीची चूक आहे!" भोंगा असा ओरडला की मेणाचा एक पुढचा दात निखळून कागदावर पडला. "सगळं खोटं लिहा, पण ते तरी नीट लिहा!"

दाजी वळले. 'सगळं खोटं' हे शब्द दोघांच्याही मध्ये पडलेले होते. ते कुणीच उचलले नाहीत. दाजींनी दात उचलला, तेवढाच. मग खिशातलं पेन काढलं, भोंग्याच्या मांडीवरच कागद धरून 'माझ्या भावाला' खोडलं आणि वर लिहिलं, 'त्या गाढवाला'.

भोंग्यानं वाकून वाचलं. ओठ हलवत पुन्हा वाचलं.

"हां," म्हणाला. "आता आवाज आला."

"आता पुढचा दात मला पुन्हा बसवावा लागणार. तुझ्यामुळं एका कवळीच्या दोन कवळ्या करतोय मी."

"तुम्हाला नीट बसवता येत नाही म्हणा."

"तुझं तोंड मिटत नाही म्हण."

जाताना भोंगा प्रकरण घेऊन गेला. घडी घालून नाही. सपाट, दोन्ही हातांवर धरून.

तयार कवळी घ्यायला तो आला तेव्हा आठवं प्रकरण बरोबर होतं. दाजींनी आधीच ताडलं होतं त्यात काय असणार ते. आता भाऊ येणार. दारावर लाथ, वस्तरेवाला न्हावी चारी मुंड्या चीत, कडी तुटून पडलेली, आणि भाऊसाहेब खोलीच्या मधोमध उभे राहून अशी गर्जना करणार की मरण घाबरून मागच्या दारानं पळणार. भोंग्याला एवढी आयती संधी दिल्यावर तो ती सोडणार होता थोडाच? आणि मग ती वाचणार. आणि लिहिलं ते झालं. दाजींनी मनाशी म्हटलंही होतं, होऊ दे काय व्हायचं ते, कागदावर तर होऊ दे.

भोंग्यानं कवळी चढवली, आरशात बघितलं, जबडा डावी-उजवीकडं फिरवला.

"वरची चावतेय."

"चावायलाच करून दिलीय."

"हिरडीला म्हणतोय मी."

"चार दिवस चावेल. तुला सहन केलं लोकांनी, तू एवढं सहन कर."

"फलाट क्रमांक तीन," भोंगा एकदम म्हणाला. खोलीतल्या फळ्या थरथरल्या, जबड्यांवरची धूळ उडाली. आवाज परत आला होता, खणखणीत. पण पुढं कुठली गाडी ते तो बोलला नाही. कागद टेबलावर ठेवले, त्यांच्यावर प्लास्टरचा एक जबडा दाबला, चपला घातल्या आणि निघून गेला.

प्रकरण दोनच पानांचं होतं. भोंग्याचं दोन पानांचं प्रकरण म्हणजे आजारी असल्याची खूण. दाजींनी उभ्या उभ्याच वाचलं.

खिडकीवालीचा भाऊ दूरच्या स्टँडवर गाड्या पुकारायचा. त्या दुपारी त्यानं बहिणीच्या गावाची गाडी पुकारली, नेहमीसारखी, दोनदा, कागदावरून मान वर न करता. गाडी सुटली. धूळ खाली बसली आणि त्यानंतर घड्याळजीनं खिडकीतून हाक मारून धाडलेला निरोप्या त्याच्यापर्यंत पोचला. निरोप सांगून झाल्यावर भावानं विचारलं, आता गाडी कधी? हे विचारताना त्याच्या लक्षात आलं, की हा प्रश्न तर सगळे लोक त्यालाच येऊन विचारतात. उद्या सकाळी, तो स्वतःच म्हणाला. मग माईक बंद केला आणि फलाटावर येऊन उभा राहिला. तिकडं खोलीतली कडी निघाली तेव्हाही तो तिथंच उभा होता.

तेवढंच. न्हावी नाही, भुतं नाहीत, गर्जना नाही.

"लेकाचा," दाजी म्हणाले. "लेकाचा गाढव." त्यांनी पानं उलटून मागं बघितलं, आणखी काही आहे का. नव्हतं. आयती गाडी दारात उभी करून दिली होती, आणि यानं ती आपल्या हातानं, आपल्याच तोंडानं पुकारून सोडून दिली होती. सगळी पुस्तकातली भुतं आपल्या मर्जीतली, आणि एवढी एक गाडी उशिरा सोडायला काय हरकत होती? ते तावातावानं दारापर्यंत गेले, त्याला हाक मारून परत बोलवायचं, खुर्चीत उताणा पाडायचा आणि तोंडात लगदा घालून विचारायचं म्हणून. भोंगा कोपऱ्यावरून वळून दिसेनासा झाला होता.

ते परत आले. ग्राइंडर चालू केला, बंद केला. खुर्चीत, गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, बसले आणि गुडघ्यावर कोरा कागद घेतला. नववं प्रकरण. त्यांची पाळी. गाडी गेली ती गेली. ती परत आणायची सोय नव्हती. कडी निघाली ती निघाली, खिडकीवाली गेली ती गेली. मग दाजींनी पहिलं वाक्य लिहिलं, की फलाट झाडणाऱ्या म्हाताऱ्यानं केरसुणी खांबाला टेकून ठेवली, उन्हातला बाक ओढत ओढत सावलीत आणला, खांद्यावरच्या पंच्यानं पुसला आणि त्या उभ्या माणसाला म्हणाला, "बसा."